विश्लेषण : ताडोबाच्या गोष्टीतला गोंड कुठे गेला?

मुलांच्या पुस्तकांतील आदिवासी, गोरे साहेब आणि ‘शोध लावला’ या दोन शब्दांचा प्रश्न

मोहर्ली : ताडोबा म्हटले की मुलांना वाघ आठवतो. चंद्रपूरपासून सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या मोहर्लीच्या प्रवेशद्वारातून आत जाणाऱ्या शहरी मुलाने जंगलाविषयी जे वाचलेले असते, त्यात वाघ, अस्वल, मोगली आणि बंदूकधारी साहेब असतात. ‘ताडोबा’ हे नाव ज्याच्यावरून पडले, तो माणूस मात्र बहुधा नसतो. गोंड परंपरेनुसार तारू हा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मारला गेला. लोकांनी त्याला देव मानले आणि त्याच्या नावाने तळे व जंगल ओळखले जाऊ लागले. तळ्याकाठी त्याचे ठाणे आहे आणि पौष महिन्यात तेथे यात्रेची परंपरा आहे. या जंगलाची पहिली गोष्ट माणसाची आहे. ती मुलांच्या पुस्तकांतून गळाली कशी आणि आता परत येत आहे का, याचा हा वेध.

चर्चा आता का?

बिरसा मुंडा यांचा जन्मदिन, १५ नोव्हेंबर, २०२१ पासून ‘जनजातीय गौरव दिवस’ म्हणून साजरा होतो. २०२५ मध्ये त्यांच्या जन्माला १५० वर्षे पूर्ण झाली. या काळात आदिवासी वीरांवरील मुलांच्या पुस्तकांना मागणी आली. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालय आणि ‘अमर चित्रकथा’ यांनी २०२२ मध्ये आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांवर चित्रकथांचा स्वतंत्र संग्रह काढला. त्यात अकोले परिसरातील राघोजी भांगरे आणि आदिलाबादकडील रामजी गोंड यांच्याही कथा आहेत.

ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण नायक बदलला म्हणजे पुस्तक बदलले असे होत नाही. गोष्ट कोण सांगतो, कोणत्या कागदपत्रांवरून सांगतो आणि कोणत्या भाषेत सांगतो, हे प्रश्न उरतातच. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे १ कोटी ५ लाख आहे. गडचिरोली जिल्ह्यात हे प्रमाण ३८ टक्क्यांहून अधिक, तर चंद्रपुरात सुमारे १८ टक्के आहे. म्हणजे आदिवासींविषयीचे पुस्तक येथे ‘दुसऱ्यां’विषयीचे राहत नाही. वर्गातली अनेक मुले त्यात स्वतःला शोधत असतात.

गोऱ्या साहेबांनी या प्रदेशाविषयी काय लिहिले?

गोंडवनाविषयी छापील स्वरूपात जे पहिले आले, ते बाहेरून आलेल्यांनी लिहिलेले होते. १७९५ मध्ये कॅप्टन जे. टी. ब्लंट हा कंपनीचा अधिकारी चुनारहून निघून या जंगलातून आंध्र किनाऱ्याकडे गेला. हेतू होता वाटांची माहिती काढणे. त्याचा वृत्तांत कोलकात्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये छापला गेला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा थेट इंग्रजी अमलाखाली आला. मग मोजणी अधिकारी, वनाधिकारी, शिकारी आणि धर्मोपदेशक आले. जो तो आपापल्या कामापुरते पाहत गेला आणि लिहीत गेला.

नागपूरकरांना हिस्लॉप हे नाव महाविद्यालयामुळे परिचित आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ च्या सुमारास नागपुरात आले. १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी मागे ठेवलेली टिपणे मध्य प्रांताचे तत्कालीन मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात गोंडांच्या लिंगोची कथा होती. ही कथा एका परधानाने सांगितलेली. परधान हे गोंडांचे परंपरेने चालत आलेले गाथागायक. बाना हे वाद्य वाजवत ते वंशावळी आणि देवकथा गातात.

यात एक गुंतागुंत आहे. हिस्लॉप यांनी लिहून घेतली नसती, तर त्या काळातला कथेचा तो पाठ आज हाती नसता. पण मुखपृष्ठावर नाव आले ते लिहून घेणाऱ्याचे आणि संपादकाचे. गाणारा केवळ ‘एक परधान’ राहिला. पुढे दीडशे वर्षे अनेक लोककथासंग्रहांत हाच साचा चालला. संकलकाचे नाव ठळक, सांगणाऱ्याचे नाव नाही, फार तर ‘एक म्हातारा गोंड’ एवढीच नोंद.

मराठीत दुर्गा भागवत यांच्यासारख्या विदुषीने आदिवासी लोकसाहित्याचा अभ्यास केला आणि प्रांतोप्रांतीच्या लोककथा मराठी मुलांसाठी आणल्या, तेव्हा या गोष्टींना प्रेमळ आणि जाणता हात लागला. तरीही मराठी बालसाहित्याच्या मुख्य प्रवाहात आदिवासी हा मुख्यतः लोककथेतला माणूस राहिला. तो ‘फार फार वर्षांपूर्वी’ राहतो. आज शाळेत जाणारा आणि मोबाइल वापरणारा आदिवासी मुलगा पुस्तकात क्वचितच दिसतो.

‘शोध लावला’ म्हणजे नेमके काय?

मुलांच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत एक वाक्यरचना पुन्हा पुन्हा येते : अमुक साहेबाने तमुक ठिकाणाचा शोध लावला. चिखलदऱ्याचा शोध १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सनने लावला, पचमढीचा शोध १८५७ मध्ये कॅप्टन फोर्सिथने लावला, अजिंठ्याचा शोध १८१९ मध्ये जॉन स्मिथने लावला. पर्यटनाच्या माहितीपत्रकांतून हीच वाक्ये मुलांच्या वह्यांत उतरतात.

आता या ठिकाणांची भूगोलासह उजळणी करावी. चिखलदऱ्याला लागून गाविलगड आहे. तो शतकानुशतके नांदता किल्ला होता आणि रॉबिन्सन येण्याच्या वीस वर्षे आधी, १८०३ मध्ये, इंग्रजांनीच तो लढून घेतला होता. भोवतीच्या मेळघाटात कोरकूंची गावे होती. पचमढीच्या डोंगरांत कोरकू आणि गोंड राहत होते. चौरागडच्या महादेवाला विदर्भातले भाविक त्रिशूळ घेऊन जातात, तेव्हा त्यांच्या मनात कोणा कॅप्टनने हे ठिकाण ‘शोधले’ असे नसते. तेथे साहेबाने केले ते इतकेच : ठिकाण आपल्या नकाशावर आणले आणि थंड हवेच्या छावणीसाठी उपयोगी ठरवले.

हा शब्दांचा काथ्याकूट नाही. ‘शोध लावला’ असे वाचणारे मूल त्यातून न लिहिलेले दुसरे वाक्यही शिकते : त्याआधी तेथे कोणी नव्हते, किंवा जे होते ते मोजण्यासारखे नव्हते. जंगल ‘रिकामे’ ठरले की ते ताब्यात घेणे सोपे होते. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी राखीव जंगलाची व्यवस्था उभी केली, त्यामागे हीच दृष्टी काम करत होती. फोर्सिथ यांचे ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे पुस्तक १८७१ मध्ये आले. त्यात निसर्गाचे आणि माणसांचे बारकाईने केलेले निरीक्षण आहे. त्याबरोबरच आदिवासींची फिरती शेती जंगलाचा नाश करते, ही तक्रारही आहे. एकाच लेखकात कुतूहल आणि हुकमत दोन्ही कशी नांदतात, हे मोठ्या मुलांना दाखवण्यासाठी हे पुस्तक चांगले उदाहरण ठरते.

मराठी वाचकाचा कोलंबसही या संदर्भात आठवावा. त्याचे चरित्र एकोणिसाव्या शतकातच मराठीत आले. पुढे कुसुमाग्रजांच्या ‘कोलंबसाचे गर्वगीत’ या कवितेने तो कित्येक पिढ्यांच्या शालेय आठवणीत जाऊन बसला. ‘विशाखा’ हा संग्रह १९४२ चा. पारतंत्र्यातल्या वाचकांना त्या कवितेत जिद्द दिसली आणि ते स्वाभाविक होते. पण कोलंबस ज्या बेटांवर उतरला, तेथल्या टायनो लोकांचे काय झाले, हा भाग मराठी मुलापर्यंत सहसा पोहोचलाच नाही.

मोगलीच्या गोष्टीत गोंड आहेत का?

आहेत, आणि अनेकांना ते आठवत नाहीत, हेच सूचक आहे. रुडयार्ड किपलिंगचे ‘द जंगल बुक’ १८९४ मध्ये आणि दुसरा भाग १८९५ मध्ये आला. कथा घडते ती सिवनीच्या जंगलात, म्हणजे आजच्या पेंचच्या परिसरात; महाराष्ट्राच्या सीमेला लागूनच. किपलिंगने हा भाग स्वतः पाहिलेला नव्हता. रॉबर्ट स्टर्नडेल या अधिकाऱ्याच्या सिवनीवरील १८७७ च्या पुस्तकाचा त्याने आधार घेतला होता. म्हणजे जगभरच्या मुलांच्या मनातले ‘भारतीय जंगल’ एका साहेबाच्या शिकारकथेवरून दुसऱ्याने रचलेले आहे.

दुसऱ्या भागातल्या एका कथेत जंगल गावावर चालून येते, तेव्हा घाबरलेले गावकरी जवळच्या गोंड प्रमुखाला सल्ला विचारतात. तो येतो, पाहतो आणि गावाने आता निघून जावे हे एका रानवेलीच्या खुणेने सांगतो. गोंड हे या भूमीचे सर्वांत जुने धनी आहेत, अशी जाणीवही किपलिंग तेथे देतो. आणखी एका कथेत रत्नजडित अंकुशापायी माणसे मरतात. त्यात बाणाने मारणारा आणि मग स्वतःही मारला जाणारा एक गोंड शिकारी आहे. दोघांनाही नाव नाही. लांडग्याला नाव आहे, अजगराला आहे, वाघाला आहे. जंगलाच्या मूळ रहिवाशाला नाही. टीव्हीवरील मालिका आणि चित्रपटांत तर तो जवळजवळ पुसलाच गेला.

म्हणून ‘जंगल बुक’ मुलांना देऊ नये असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. ती विलक्षण रंजक गोष्ट आहे. पण वाचून झाल्यावर ‘या जंगलात माणसे कोण होती?’ एवढा प्रश्न घरातल्या मोठ्यांनी विचारला, तरी पुस्तक वेगळे दिसू लागते.

शाळेच्या पुस्तकांत काय आले?

‘एनसीईआरटी’च्या सातवीच्या इतिहासात अनेक वर्षे गोंडांवर स्वतंत्र भाग होता, त्याचा भर गढा-कटंगाचे राज्य आणि राणी दुर्गावती यांवर होता. आठवीत बिरसा मुंडा यांच्या उलगुलानावर सविस्तर प्रकरण होते. राज्याच्या पाठ्यपुस्तकांत उमाजी नाईक, भिल्ल आणि कोळी यांचे उठाव येतात. चांद्याच्या गोंड राजांना मात्र त्यांच्याच जिल्ह्यातली मुले पुस्तकापेक्षा परकोटाच्या भिंतींतून अधिक ओळखतात. चंद्रपूर वसवणारा खांडक्या बल्लाळशहा, महाकालीचे मंदिर उभारणारी राणी हिराई ही नावे स्थानिक स्मृतीत ठसठशीत आहेत. मुलांसाठी लिहिलेल्या चांगल्या चरित्रांत तितकी नाहीत.

या राजघराण्याच्या वंशावळीसाठी ज्या साधनाचा हमखास आधार घेतला जातो, ते आहे मेजर लुसी स्मिथ यांचा १८६९ चा चांदा जिल्ह्याचा जमाबंदी अहवाल. महसूल ठरवण्यासाठी आलेल्या अधिकाऱ्याने जाता जाता राजांचा इतिहास लिहिला आणि तोच पुढे पायाभूत ठरला. त्यातली माहिती अनमोल आहे. पण ती कोणत्या कामासाठी गोळा झाली, हे मुलांना सांगितले पाहिजे.

शेडमाके यांची गोष्ट सांगताना अडचण कोणती?

बाबूराव पुल्लेसूरबापू शेडमाके हे चंद्रपूर-गडचिरोलीचे सर्वांत मोठे लोकनायक. १२ मार्च १८३३ चा जन्म, मोलमपल्लीची जमीनदारी. १८५७ च्या धामधुमीत त्यांनी ‘जंगोम सेना’ उभारली. मार्च १८५८ मध्ये राजगड परगण्यावर ताबा मिळवला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. २९ एप्रिल १८५८ रोजी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला. त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोन इंग्रज कर्मचारी मारले गेले. चांद्याचा अधिकारी कॅप्टन क्रिक्टन त्यांच्या मागावर होता. अखेर अहेरीच्या जमीनदार राणी लक्ष्मीबाई यांच्याकरवी शेडमाके पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगाजवळ पिंपळाला त्यांना फाशी देण्यात आली. २००९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. दर २१ ऑक्टोबरला हजारो लोक चंद्रपुरात त्या पिंपळापाशी जमतात.

मुलांसाठी ही गोष्ट लिहिणाऱ्यापुढे तीन अडचणी असतात. पहिली साधनांची. तारखा आणि घटना मुख्यतः इंग्रजी कागदपत्रांतून, पुढे १९०९ च्या चांदा गॅझेटियरमधून येतात. तेथे भाषा बंडाची आणि लुटीची आहे. त्यातील घटना घेताना दृष्टी घ्यायची नाही, हे कसब लेखकाला लागते.

दुसरी अडचण दंतकथेची. शेडमाके यांच्या गळ्यातला दोर पुन्हा पुन्हा तुटला, त्यांना दैवी बळ होते, असे लोक सांगतात. ते पुस्तकातून गाळले तर गोंडांच्या स्मृतीतला नायक हरवतो. सरळ इतिहास म्हणून छापले तर मुलाची फसवणूक होते. उपाय साधा आहे. ‘लोक असे सांगतात’ आणि ‘कागदपत्रांत असे आहे’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवावीत. दहा वर्षांच्या मुलाला हा फरक नीट कळतो. लोकांनी दोर का तुटवला असेल, हा प्रश्नही त्याला सुचतो, आणि तेथूनच इतिहास शिकणे सुरू होते.

तिसरी अडचण अहेरीच्या राणीची. गोंड वीराला गोंड जमीनदारीतूनच पकडून दिले गेले, हे ‘चांगले आदिवासी, वाईट गोरे’ या चौकटीत बसत नाही. त्यामुळे अशा कथेत हा भाग घाईने उरकण्याचा किंवा त्यावर ‘फितुरी’चा एक शब्द ठेवून पुढे जाण्याचा मोह होतो. वस्तुतः जमीनदारी टिकवण्यासाठी कंपनीशी जुळवून घ्यावे लागणाऱ्यांची कोंडी मुलांना समजावता येते. शेजारच्या जमीनदारांत स्पर्धा होती, इंग्रजांकडे बक्षीस आणि धाक दोन्ही होते. आदिवासी समाजही इतर समाजांसारखाच मतभेद असलेला, हिशेब करणारा आणि चुकणारा माणसांचा समाज आहे, हे मान्य करणे हाही त्यांना माणूस मानण्याचाच भाग आहे.

अमेरिकेत हा वाद कुठवर गेला?

लॉरा इंगल्स वाइल्डर यांची ‘लिटल हाऊस’ मालिका अमेरिकेत घराघरांत वाचली जाते. त्यातले ‘लिटल हाऊस ऑन द प्रेअरी’ १९३५ चे. कथेतले कुटुंब कॅन्ससमध्ये ज्या जमिनीवर घर बांधते, ती ओसेज लोकांची होती. पुस्तकाच्या सुरुवातीला त्या प्रदेशाचे वर्णन असे होते की तेथे माणसे नव्हती, फक्त इंडियन होते. एका वाचकाने १९५२ मध्ये प्रकाशकाला पत्र लिहून यावर बोट ठेवले. १९५३ च्या आवृत्तीत ‘माणसे’ हा शब्द बदलून ‘वसाहती करणारे’ असा अर्थ देणारा शब्द घातला गेला. एका शब्दात किती मोठी गोष्ट दडलेली असते, याचे हे ठळक उदाहरण.

वाद तेथे थांबला नाही. जून २०१८ मध्ये अमेरिकी ग्रंथालय संघटनेच्या बालविभागाने वाइल्डर यांच्या नावाचा पुरस्कार ‘चिल्ड्रन्स लिटरेचर लेगसी अवॉर्ड’ या नावाने द्यायचे ठरवले. पुस्तकावर बंदी आली नाही. ते आजही मिळते. दरम्यान उत्तर म्हणून पुस्तकेही आली होती. ओजिब्वे वंशाच्या लुईस एर्ड्रिक यांनी १९९९ मध्ये ‘द बर्चबार्क हाऊस’ लिहिले. त्यात त्याच शतकातले जग एका ओजिब्वे मुलीच्या डोळ्यांनी दिसते. जेन योलेन यांच्या ‘एन्काउंटर’ या १९९२ च्या चित्रपुस्तकात कोलंबसाचे आगमन एक टायनो मुलगा सांगतो. मात्र योलेन टायनो नव्हत्या, आणि दुसऱ्यांच्या वतीने बोलण्यावर डेबी रीस यांच्यासारख्या मूलनिवासी अभ्यासकांनी आक्षेप घेतला. चांगला हेतू आणि स्वतःचा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्या चर्चेचा मुद्दा भारतालाही लागू पडतो.

गोंडांनी स्वतः सांगितलेली पुस्तके आहेत का?

आहेत आणि त्यांतली काही जगभर वाखाणली गेली आहेत. मध्य प्रदेशातील पाटणगडच्या परधान गोंड चित्रकारांनी, जनगडसिंग श्याम यांच्यापासून सुरू झालेल्या परंपरेने, गाण्यातली गोष्ट चित्रात आणली. चेन्नईच्या ‘तारा बुक्स’ने भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम आणि रामसिंग उर्वेती यांचे झाडांवरील चित्रपुस्तक २००६ मध्ये काढले, त्याला २००८ मध्ये बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्यात पुरस्कार मिळाला. दुर्गाबाई व सुभाष व्याम यांच्या चित्रांतून डॉ. आंबेडकरांचे जीवन सांगणारे ‘भीमायन’ २०११ मध्ये आले.

या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे पुस्तक आहे भज्जू श्याम यांचे ‘द लंडन जंगल बुक’ (२००४). एका भारतीय उपाहारगृहाच्या भिंती रंगवण्यासाठी ते दोन महिने लंडनला गेले. परतल्यावर त्यांनी प्रवासवर्णन चितारले. त्यात विमान म्हणजे उडणारा हत्ती आहे, बिग बेन घड्याळ म्हणजे आरवणारा कोंबडा, जमिनीखालची रेल्वे म्हणजे गांडूळ, आणि संध्याकाळी पबकडे निघालेले इंग्रज म्हणजे वटवाघळे. फोर्सिथ आणि स्टर्नडेल सातपुड्यात आले आणि गोंडांविषयी लिहून गेले. शंभरहून अधिक वर्षांनी एक गोंड लंडनला गेला आणि इंग्रजांविषयी सांगून गेला. पुस्तकात राग नाही, टोमणा नाही. निखळ कुतूहल आहे. पाहणारा कोण यावर जग कसे बदलते, हे मुलांना समजावायला याहून सोपे पुस्तक नाही.

कोलकात्यात रूबी हेम्ब्रोम यांनी २०१२ मध्ये ‘आदिवाणी’ ही प्रकाशनसंस्था सुरू केली. संथाळांच्या उत्पत्तिकथेवरील मुलांचे पुस्तक आणि १८५५ च्या हुलावरील ‘दिसाइबोन हुल’ ही तिची पुस्तके. लिहिणारे, चितारणारे आणि छापणारे यांत आदिवासीच पुढे असतील, तर उठावाची गोष्ट शोकांतिकेपेक्षा घरातल्या आठवणीसारखी कशी उतरते, हे त्यात दिसते.

मग चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांची अडचण कुठे?

मुख्य अडचण भाषेची. ही बक्षीसपात्र पुस्तके बहुतेक इंग्रजीत आणि महाग आहेत. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे ३० लाख होते. पण गोंडी संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. ती देवनागरी, तेलुगू लिपीत लिहिली जाते. मसराम गोंडी आणि गुंजाला गोंडी या तिच्या स्वतंत्र लिप्याही आहेत. शिवाय धानोऱ्याकडची गोंडी आणि भामरागडकडची माडिया यांत बरेच अंतर आहे. एकाच अनुवादाने सगळ्यांचे भागत नाही. नागपूरचे भाषा अभ्यासक मोतीरावण कंगाली यांनी गोंडी भाषा, लिपी आणि लिंगोच्या परंपरेवर आयुष्यभर काम केले. मुलांच्या पुस्तकांसाठी तो भक्कम पाया आहे.

गोंडी पाठ्यपुस्तकांचा इतिहास शेजारीच सापडतो. निझामाच्या राज्यात, आदिलाबादेतील मारलावाई येथे, १९४३ पासून मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र चालले आणि देवनागरीत गोंडी वाचनपुस्तके निघाली. त्या भागातल्या गोंडांना मराठीची ओळख होती, म्हणून देवनागरी. येथेही पुढाकार युरोपीय माणसाचा होता, पण पुस्तकातली भाषा मुलांच्या घरची होती. अलीकडे ‘सीजीनेट स्वरा’ आणि ‘प्रथम बुक्स’ यांच्या सहकार्याने गोंडी भाषकांनी अनुवादित केलेल्या गोष्टी ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मोफत उपलब्ध झाल्या आहेत.

गावपातळीवरचा प्रयत्न धानोरा तालुक्यातील मोहगावात झाला. तेथील ग्रामसभेने २०१९ मध्ये ‘पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल’ ही गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. मान्यता नसल्याच्या कारणावरून शिक्षण विभागाने नोटीस दिली आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धोरणात आहे आणि ते प्रत्यक्षात आणणारी शाळा नियमांच्या कचाट्यात सापडते, असा हा पेच आहे.

चांगले पुस्तक कसे ओळखावे?

पालक, शिक्षक आणि ग्रंथपाल यांना काही साध्या कसोट्या लावता येतात. आदिवासी पात्रांना नावे आहेत का? ती बोलतात का, की त्यांच्याविषयी फक्त बोलले जाते? जमात कोणती हे स्पष्ट आहे का, की गोंड, वारली, कोरकू सगळे एकाच पिसाच्या मुकुटात बसवले आहेत? ‘शोध’, ‘मागास’, ‘रानटी’, ‘भोळेभाबडे’ असे शब्द विचार न करता आले आहेत का? कथा कोणाकडून मिळाली, हे नोंदवले आहे का? आणि पुस्तकातला आदिवासी आजही जिवंत आहे का?

शेवटची कसोटी ताडोबाच्या परिसरात अधिक महत्त्वाची. येथे १९३५ मध्ये शिकारबंदी झाली, १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. पुढे बोटेझरी, जामणी, नवेगाव यांसारख्या गावांचे पुनर्वसन झाले. आज मोहर्लीसारख्या गावांतली मुले-माणसे वाटाडे म्हणून पर्यटकांना जंगल दाखवतात. दुसरीकडे गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये वन हक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला आणि बांबूचा कारभार ग्रामसभा पाहू लागली. विस्थापन, वाटाड्याचे काम, ग्रामसभेचा कारभार हे सगळे मुलांच्या गोष्टीचे विषय आहेत. त्यांत वाघही आहे आणि संघर्षही.

पुढे काय?

जुनी पुस्तके फेकून देण्याची गरज नाही. फोर्सिथ, किपलिंग, कोलंबसाची कविता हे सारे वाचावे; शेजारी दुसरे पुस्तक ठेवावे. अडचण ही आहे की मराठीत ते दुसरे पुस्तक अजून पुरेसे लिहिले गेलेले नाही. ते घडवण्यासाठी लागणारे साहित्य गावागावांत आहे : तारूची कथा, हिराईच्या आठवणी, शेडमाकेंची गाणी, परधानांची गाथा. ते सांगणाऱ्यांचे नाव घालून, गोंडी किंवा माडिया आणि मराठी अशा दोन्ही भाषांत, स्थानिक चित्रकारांकडून पुस्तके काढता येतील. जिल्हा परिषदेच्या शाळा, आश्रमशाळा आणि गावातली ग्रंथालये ही त्यांची पहिली गिऱ्हाइके ठरू शकतात. गाथा तोंडपाठ असलेली पिढी वृद्ध होत आहे, त्यामुळे या कामाला वेळ मर्यादित आहे. हिस्लॉप यांच्या टिपणांत ‘एक परधान’ एवढेच राहिले. यापुढच्या पुस्तकांत सांगणाऱ्याचे नाव आणि गाव पहिल्या पानावर छापले जाते का, यावरून बदल किती झाला ते मोजता येईल.